इंग्रजीत ‘एस’ पुन्हापुन्हा का गळतो, आणि तो जागेवर कसा बसवायचा

लक्षण असं असतं. शाळेत अनेकवचनाचे नियम घोकून झालेले असतात, रिकाम्या जागा भरण्यात मार्कही चांगले पडलेले असतात. पण नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कंपनीतून ग्राहकाला मेल लिहायची वेळ आली की ‘वी हॅव्ह डिस्पॅच्ड फिफ्टी पार्ट’, ‘वन ऑफ द मशीन इज डाउन’, ‘प्लीज सेंड द इन्फर्मेशन्स’ असलं काहीतरी जातंच. कुणी बोट ठेवलं की चूक लगेच कळते. आठवड्याभरात तीच परत येते.

अशा वेळी व्याकरणाचं पुस्तक पुन्हा उघडून फारसं काही हाती लागत नाही. ऑक्सचं ऑक्सन आणि माउसचं माइस पाठ करण्यात जाणारा वेळ तर निव्वळ वाया. डिस्पॅचच्या मेलमध्ये बैल आणि उंदीर येत नाहीत. वारंवार होणारी चूक नियम माहीत नसल्यामुळे होत नाही, मराठीच्या सवयीमुळे होते, आणि या सवयी मोजक्याच आहेत. आपली चूक त्यांतल्या कुठल्या सवयीची, हे आधी ओळखायचं. उपाय त्यानुसार बदलतो.

आकड्यानंतर गळणारा ‘एस’

‘कामगार आला’ आणि ‘कामगार आले’. नाम तेच, फरक फक्त क्रियापदात. मराठीत कांदा–कांदे, घोडा–घोडे अशी आकारान्त पुल्लिंगी नामं बदलतात. बाकीची पुल्लिंगी नामं दोन्ही वचनांत जशीच्या तशी राहतात. कामगार, बैल, लाडू, कवी ही त्यांतली. इंग्रजीतून आलेले बरेच शब्दही याच रांगेत बसलेत: दोन रिपोर्ट, तीन बॉक्स, चार टेम्पो, पाच इंजिनियर. किती, ते आकड्यावरून किंवा क्रियापदावरून कळतं. नामाला त्रास द्यायची गरज नसते.

इंग्रजी क्रियापद भूतकाळात हे काम करत नाही. ‘द वर्कर केम’, ‘द वर्कर्स केम’: ‘केम’ दोन्हीकडे सारखंच. ‘वॉज–वेअर’ सोडलं तर साध्या भूतकाळातल्या क्रियापदावरून एक की अनेक हे समजतच नाही. सगळा भार नामावर, म्हणजे त्या एका अक्षरावर. ‘वी रिजेक्टेड द पार्ट’ वाचून ग्राहक एकच नग नाकारला असं धरतो, आणि इकडे अख्खा लॉट बाजूला पडलेला असतो.

आकडा समोर असला तरी इंग्रजी ‘एस’ मागतंच. मराठी कानाला ‘फिफ्टी’ म्हटल्यावर पुन्हा ‘पार्ट्स’ कशाला असं वाटतं, म्हणून गळतीची ठरलेली जागा आकड्यानंतरचीच. उपाय हाताला लावून घ्यायचा आहे: एकपेक्षा मोठा आकडा टाइप केला की थांबा, आणि तो आकडा कुठल्या नामाचा ते शोधा. मध्ये विशेषणांची रांग असते, तिथे हमखास घसरायला होतं. ‘फिफ्टी मशीन्ड ब्रास पार्ट्स’मध्ये ‘ब्रास’ला काही करायचं नाही, ‘एस’ शेवटच्या, मुख्य नामाला.

वर्तमानकाळात आणखी एक गंमत आहे. तिथे ‘एस’ क्रियापदालाही लागतो, पण उलट्या बाजूने. ‘द मशीन रन्स’, ‘द मशीन्स रन’. नाम आणि क्रियापद मिळून ‘एस’ एकच. दोघांनाही लागला किंवा दोघांनाही नसला, तर वाक्य पुन्हा बघा. ‘चिल्ड्रन’सारखी वेगळी रूपं, मुळातच ‘एस’ने संपणारी नामं, आणि ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ असलेली वाक्यं यांना ही चाचणी लागू होत नाही. उरलेल्या बहुतेक ठिकाणी ती दोन सेकंदांत काम करते.

‘माय फादर वर्क इन एचएएल’

इथे चूक आदराची आहे. मराठीत वडील ‘काम करतात’, साहेब ‘आले आहेत’, मॅडम ‘शिकवतात’. एका माणसासाठी अनेकवचन. तीच रचना डोक्यात धरून इंग्रजी बोललं की क्रियापद अनेकवचनी होतं आणि ‘वर्क्स’चा ‘एस’ उडतो. ‘सर हॅव्ह कम’, ‘मॅडम आर ऑन लीव्ह’ ही त्याच घरची. सर्वनामही मागोमाग चुकतं: ‘सर इज इन देअर केबिन’, कारण मराठीत ते ‘त्यांच्या’ केबिनमध्ये असतात.

इंग्रजीत हा आदर क्रियापदात दाखवता येत नाही. ‘यू’ एकासाठी असो वा अनेकांसाठी, ‘आर’ घेतं. बाकी एक माणूस म्हणजे ‘इज’, ‘हॅज’, ‘वर्क्स’, ‘हिज’ किंवा ‘हर’, मग तो शिपाई असो की जिल्हाधिकारी. बॉसला ‘हिज’ म्हणताना जीभ अडखळते हे खरं, पण त्यात उद्धटपणा नाही. आदर ‘सर’, ‘प्लीज’, ‘कुड यू’ यांत ठेवायचा.

‘धिस पार्ट्स’ कुठून येतं

‘हे घर’ आणि ‘हे बैल’. नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन, दोन्हींना मराठी ‘हे’च वापरते. ‘ही खिडकी’ आणि ‘ही घरं’ यांतही तसंच. म्हणजे दर्शक सर्वनाम लिंग बघून बदलतं, आणि संख्येच्या बाबतीत बऱ्याचदा मोघम राहतं. इंग्रजीत लिंगाशी संबंध नाही, फक्त संख्या: एकाला ‘धिस’, ‘दॅट’, अनेकांना ‘धीज’, ‘दोज’.

बोलताना ‘धिस’ आणि ‘धीज’ जवळजवळ सारखे ऐकू येतात म्हणून लिहितानाही मिसळतात. पहिल्यात इकार ऱ्हस्व आणि शेवट ‘स’चा; दुसऱ्यात ईकार लांब आणि शेवट मऊ. तसंच ‘अनदर’ एकवचनाबरोबर आणि ‘अदर’ अनेकवचनाबरोबर: ‘अनदर सॅम्पल’, ‘अदर सॅम्पल्स’. मात्र आकडा आला तर ‘अनदर टू सॅम्पल्स’ बरोबर आहे, कारण तिथे ‘आणखी दोन’ हा एकच गठ्ठा मानला जातो.

उघडं एकवचन

ही चूक ‘एस’ गळण्याइतकीच मोठी आहे, फक्त तिच्याकडे कुणी वचनाची चूक म्हणून बघत नाही. ‘मशीन इज नॉट वर्किंग’, ‘आय हॅव्ह लॅपटॉप’, ‘प्लीज सेंड ड्रॉइंग’. मराठीत ‘मशीन बंद आहे’ हे वाक्य पूर्ण आहे. इंग्रजीत मोजता येणारं नाम एकवचनात कधी उघडं ठेवत नाहीत. त्याच्यापुढे ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘वन’, ‘एव्हरी’ असं काहीतरी लागतंच. काहीच लावायचं नसेल तर अनेकवचन करा. म्हणजे ‘अ ड्रॉइंग’, ‘द ड्रॉइंग’, ‘ड्रॉइंग्स’ चालेल; नुसतं ‘ड्रॉइंग’ चालणार नाही.

वाचणाऱ्याला यातून नेमकी अडचण होते. ‘सेंड ड्रॉइंग’मध्ये तुम्हाला कुठलंही एक हवंय, ठरलेलं एक हवंय की सगळी हवीत? तीन अर्थ, आणि समोरच्याने परत मेल करून विचारायचं. अपवाद ठरलेले आहेत: ‘बाय बस’, ‘अ‍ॅट होम’, ‘इन बेड’ असे वाक्प्रयोग, आणि पाट्या, मथळे, मशीनवरची लेबलं. तिथे जागा वाचवण्यासाठी सगळेच शब्द कापतात.

‘वन ऑफ’ची चूक याच्या शेजारची. ‘माझ्या एका मित्राने’ असं एकवचनी डोक्यात असतं, त्यावरून ‘वन ऑफ माय फ्रेंड’ होतं. त्याऐवजी ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असा विचार करा, अनेकवचन आपोआप येतं: ‘वन ऑफ द ऑपरेटर्स इज अ‍ॅबसेंट’. नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी, कारण गैरहजर एकच जण आहे. ‘ईच ऑफ’चंही तेच. ‘एव्हरी’नंतर मात्र थेट एकवचन: ‘एव्हरी ऑपरेटर’.

कांदा महागला, द्राक्ष निर्यात झालं

लासलगावात ‘कांदा’ घसरतो, पिंपळगावात ‘टोमॅटो’ चढतो, दिंडोरी-निफाडकडे ‘द्राक्ष’ चांगलं येतं. पिकाबद्दल, मालाबद्दल बोलताना मराठी एकवचन वापरते. हजार क्विंटल असला तरी कांदा तो कांदाच. निर्यातीच्या पत्रात हेच उतरलं की ‘अवर ग्रेप इज स्वीट’ तयार होतं. इंग्रजीत सुटी सुटी मोजता येणारी फळं-भाज्या माल म्हणून बोलतानाही अनेकवचनात राहतात: ‘ओनियन्स हॅव्ह बिकम कॉस्टली’, ‘ग्रेप्स आर पॅक्ड’, ‘टोमॅटोज आर ग्रेडेड’.

पण सगळ्या मालाला हे लागू नाही, आणि इथेच गोंधळ वाढतो. व्हीट, राइस, मेझ, गार्लिक, जिंजर, स्पिनच ही नामं इंग्रजीत अनेकवचन घेत नाहीत. लसणाचे गड्डे आपण मोजतो, तरी ‘टू गार्लिक्स’ नाही. ‘टू बल्ब्ज ऑफ गार्लिक’. कडधान्यं मात्र ‘पल्सेस’, अनेकवचनीच.

हेच नाम दुसऱ्या नामाच्या पुढे विशेषणासारखं आलं की ‘एस’ काढायचा. ‘ओनियन मार्केट’, ‘ग्रेप एक्स्पोर्ट’, ‘टोमॅटो ग्रोअर्स’, ‘व्हेजिटेबल व्हेंडर’. ‘ग्रेप्स गार्डन’ दोनदा चुकतं: ‘एस’ नको होता, आणि द्राक्षबागेला इंग्रजीत ‘व्हिनयार्ड’ म्हणतात. अपवाद आहेतच, पण रोजच्या वापरातले हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे: ‘स्पोर्ट्स डे’, ‘सेव्हिंग्ज अकाउंट’, ‘गुड्स ट्रेन’, ‘सेल्स टीम’, ‘अकाउंट्स डिपार्टमेंट’, ‘कस्टम्स ड्यूटी’. हे पाठ करा, बाकी बहुतेक ठिकाणी एकवचन.

मोजता येतं, तरी अनकाउंटेबल

शाळेत शिकवलेली कसोटी अशी की जे मोजता येतं ते काउंटेबल. ही कसोटी टाकून द्या. घरातलं फर्निचर मोजता येत नाही का? नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा एकेक मोजल्या जातात, आणि ‘मनी’ हा शब्द तरी अनकाउंटेबल. काउंटेबल असणं हा वस्तूचा गुण नाही, शब्दाचा आहे. एकाच वस्तूला इंग्रजीत बऱ्याचदा दोन शब्द असतात, एक मोजायचा आणि एक ढिगाचा. म्हणून सुट्या याद्या पाठ करण्याऐवजी जोड्या पाठ करणं जास्त टिकतं: चेअर आणि फर्निचर, मशीन आणि मशिनरी, जॉब आणि वर्क, सूटकेस आणि लगेज, सजेशन आणि अ‍ॅडव्हाइस, व्हेइकल आणि ट्रॅफिक, नोट आणि मनी. अनेकवचन हवं असेल तर जोडीतला पहिला शब्द घ्या. ‘थ्री अ‍ॅडव्हाइसेस’वर अडकलात तर ‘थ्री सजेशन्स’ लिहा आणि पुढे जा.

कंपनीच्या मेलमध्ये ज्यांना उगाच ‘एस’ लागतो ते शब्द साधारण हे: इन्फर्मेशन, इक्विपमेंट, मशिनरी, स्टेशनरी, सॉफ्टवेअर, फीडबॅक, स्क्रॅप, एव्हिडन्स, रिसर्च, ट्रेनिंग, प्रोग्रेस. जोडी सापडत नसेल तेव्हा ‘पीस ऑफ’, ‘आयटम ऑफ’ किंवा नुसतं ‘सम’ वापरा. ‘स्टाफ’ म्हणजे गट. ‘टेन स्टाफ्स’ नाही, ‘टेन स्टाफ मेंबर्स’. ‘स्पेअर्स’ मात्र बरोबर आहे, आणि कच्च्या मालाचे प्रकार सांगताना ‘रॉ मटेरियल्स’ही.

काही शब्द अर्थ बदलून दोन्हीकडे जातात. ‘वर्क’ म्हणजे काम, पण ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना किंवा बांधकामाची कामं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंग्रजी नावात तो ‘एस’ त्यामुळे आहे. ‘पेपर’ कागद, ‘पेपर्स’ कागदपत्रं. ‘हेअर’ डोक्यावरचे सगळे केस. मराठीत केस पिकतात म्हणून इंग्रजीत ‘हेअर्स’ लिहू नका, ते जेवणात सापडलेल्या दोन-तीन केसांसाठी. अशा शब्दांत स्पेलचेकचा भरवसा धरता येत नाही. ‘वर्क्स’, ‘पेपर्स’, ‘हेअर्स’ हे सगळे खरे शब्द असल्याने तो तांबडी रेघ ओढत नाही. शंका आली तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. त्यात नामापुढे सी म्हणजे काउंटेबल किंवा यू म्हणजे अनकाउंटेबल अशी खूण असते. दोन्ही खुणा असतील तर प्रत्येक अर्थासमोरची खूण वेगळी बघायची.

‘एस’ आहे पण फसवा

मराठीत ‘एक लेडीज आली होती’ बिनदिक्कत चालतं. ‘जेंट्स’, ‘शूज’, ‘चिप्स’ हेही ‘एस’सकट आपल्याकडे आले आणि एकवचनी झाले. मराठी बोलताना ते तसेच बोला, पण इंग्रजीत ‘अ लेडी’, ‘अ शू’. याउलट ‘लेन्स’, ‘बस’, ‘गॅस’ यांचा ‘एस’ मूळचा आहे. तो काढून ‘लेन’ करू नका. अनेकवचन ‘लेन्सेस’. ‘न्यूज’ आणि ‘मॅथ्स’ दिसायला अनेकवचनी, पण क्रियापद ‘इज’. बातम्या येतात, ‘न्यूज’ येतं.

हत्यारांच्या बाबतीत गोंधळ मोठा. पक्कड एक, कात्री एक, चष्मा एक. इंग्रजीत प्लायर्स, सिझर्स, स्पेक्टॅकल्स, गॉगल्स हे दोन पात्यांचे किंवा दोन काचांचे म्हणून कायम अनेकवचनी. ‘द प्लायर्स आर ऑन द बेंच’. एक सांगायचं तर ‘अ पेअर ऑफ प्लायर्स’. टूलरूममध्ये ‘डाय’चं अनेकवचन ‘डाइज’. ‘डाइस’ हा फासा, तो कोटेशनमध्ये घालू नका.

१९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभ्या राहिलेल्या ओझरच्या एचएएल कारखान्यामुळे नाशिककरांच्या बायोडेटात एक शब्द फार येतो: ‘एअरक्राफ्ट्स’. असा शब्द नाही. ‘वन एअरक्राफ्ट’, ‘टेन एअरक्राफ्ट’. ‘सिरीज’ही दोन्ही वचनांत तसाच. ‘पोलीस’ कायम अनेकवचनी, ‘द पोलीस आर’. एक पोलीस आला तर ‘अ पोलीसमन’ किंवा ‘अ पोलीस ऑफिसर’.

स्पेलिंगचं थोडक्यात. शेवटच्या वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय जाऊन आयईएस: बॅटरी, कंपनी, सिटी. आधी स्वर असेल तर नुसता एस: की, हॉलिडे. पोटॅटो-टोमॅटोला ईएस, फोटो, व्हिडिओ, किलोला नुसता एस. ‘नाइफ’च्या एफचा व्ही होतो, ‘प्रूफ’ आणि ‘रूफ’चा होत नाही. आणि अनेकवचनासाठी ॲपॉस्ट्रॉफी कधीच नाही. दुकानांच्या पाट्यांवरून ही सवय लागते.

एकक, लाख आणि रजा

चलन-बिलात केजी, एमएम, एम ही एककांची चिन्हं आहेत, त्यांना अनेकवचन नसतं. ‘१० केजीएस’ चूक. पूर्ण शब्द लिहिलात तर ‘टेन किलोग्रॅम्स’. ‘५० नोज’ बरोबर, कारण ते ‘नंबर’च्या संक्षेपाचं अनेकवचन; एका नगाला मात्र ‘१ नो’.

आकडा नेमका असेल तर लाख, थाउजंड, डझन एकवचनात: ‘फाइव्ह लाख रुपीज’, ‘टू डझन बॉक्सेस’. मोघम असेल तर ‘लाख्स ऑफ’. २०२७ च्या कुंभमेळ्याबद्दल लिहिताना ‘टेन लाख पिल्ग्रिम्स’ किंवा ‘लाख्स ऑफ पिल्ग्रिम्स’. ‘टेन लाख्स पिल्ग्रिम’मध्ये ‘एस’ भलत्याच शब्दाला गेलाय.

आकडा आणि एकक मिळून पुढच्या नामाचं विशेषण झालं की एकक एकवचनात येतं आणि मध्ये हायफन पडतो: ‘अ फाइव्ह-किलो बॉक्स’, ‘अ टू-इयर कोर्स’, ‘अ थ्री-फेज मोटर’. रजेच्या अर्जात ‘टेन डेज लीव्ह’ लिहायचं तर ‘डेज’च्या एसनंतर ॲपॉस्ट्रॉफी द्या.

तोंडी ‘एस’

कधीकधी लिहिताना ‘एस’ असतो आणि मुलाखतीत गळतो. ही चूक व्याकरणाची नाही, जिभेची. प, ट, क, फ या आवाजांनंतर स्पष्ट ‘स’: पार्ट्स, ब्लॉक्स. स्वर किंवा ब, ड, ग, ल, र, न अशा घोष व्यंजनानंतर ‘जहाज’मधल्या ज-जवळ जाणारा मऊ आवाज: टूल्ज, ऑर्डर्ज. स, श, च, ज अशा आवाजांनंतर ‘इज’ हे पूर्ण अक्षर वाढतं: बॉक्सिज, बॅचिज, गेजिज, फ्लँजिज. शेवटी ‘स्ट’ किंवा ‘स्क’ असेल तिथे सर्वांत जास्त गळती, ‘टेस्ट्स’, ‘टास्क्स’, ‘कॉस्ट्स’. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘एस’ त्याला जोडून म्हणा: ‘टेस्ट्-सार’ असं ऐकू आलं की ‘टेस्ट्स आर’ बरोबर म्हटलंत. ‘वूमन’चं अनेकवचन ‘विमिन’; लिहिताना ए जाऊन ई येतो तो शेवटी, पण उच्चारात फरक मुख्यतः पहिल्या अक्षरात पडतो.

कुठली चूक आपली, हे शोधायची पद्धत

पाठवलेल्या शेवटच्या वीस मेल काढा आणि छापून घ्या. स्क्रीनवर डोळा पुढे पळतो. वाचायला शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करा, म्हणजे अर्थाच्या ओघात चुका झाकल्या जात नाहीत. प्रत्येक नामाखाली रेघ मारा आणि याच क्रमाने विचारा: शब्द अनकाउंटेबल आहे का? असेल तर ‘एस’ नाही, ‘अ’ नाही. नसेल तर एक की अनेक? एक असेल तर पुढे ‘अ’, ‘द’, ‘माय’ यांतलं काही आहे का? अनेक असतील तर ‘एस’ आहे का? शेवटी क्रियापद त्याच्याशी जुळतं का? क्रम बदलू नका. अनकाउंटेबलचा प्रश्न आधी सुटला नाही तर पुढचे सगळे चुकीच्या दिशेने जातात.

सापडलेल्या चुकांपुढे वरच्या भागांपैकी कुठला ते लिहा: आकडा, आदर, हे, उघडं, माल, ढीग. बहुतेकांच्या चुकांचा मोठा वाटा दोन-तीन भागांतच पडलेला दिसतो. मग रोज पाठवण्याआधी मेल फक्त त्या दोन-तीन गोष्टींसाठीच वाचायची. कंपनीत एकाच नमुन्याच्या मेल पुन्हापुन्हा जात असतील, डिस्पॅच, रिजेक्शन, पेमेंटची आठवण, तर तो नमुना एकदाच तपासून सेव्ह करा. त्यात नग बदलतात तिथे ‘पार्ट’ आणि ‘पार्ट्स’ अशा दोन ओळी ठेवा, आणि पाठवताना नको ती खोडा.